हजेरीपटांतील नांवें

गेल्या आषाढांतली गोष्ट. कॉलेजें नुकतींच उघडलीं होतीं. आमचा पुतण्या वर्गांतील एका नव्या मित्रास घेऊन घरीं आला. मुलगा मोठा नीटस. पावसानें भिजला होता, तरी जोडे बाहेर रांगेंत लावून, पाय पुसून मगच आंत आला. घरांतील वडील मंडळी बैठकींत बसली होती. आमच्या आत्याबाईंनीं नेहमींच्या आपुलकीनें विचारपूस आरंभिली : गांव कोणतें, आईवडील काय करतात, जेवणाची सोय कोठें केली आहे. मुलानें सर्व प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. मग आत्याबाई म्हणाल्या, "आणि बाळ, आडनांव काय तुझें ?" मुलानें आपलें पहिलें नांवच पुन्हां सांगितलें. आत्याबाईंस ऐकूं कमी येतें. त्यांस वाटलें, पोराला प्रश्न कळला नाहीं. त्यांनीं तो अधिक मोठ्यानें विचारला. मुलानें आडनांव सांगितलें, चहा घेतला, आणि पाऊस थांबण्याची वाट न पाहतां तो निघून गेला.

पुतण्या दोन दिवस कोणाशीं धड बोलला नाहीं. "मी त्याला वाईट असें काय बोललें रे ?" आत्याबाई पुनःपुन्हां विचारीत. खरेंच होतें, वाईट कोणीच बोललें नव्हतें. आमच्या पिढीस आडनांव विचारणें म्हणजे ओळख काढणें. कोणाचे कोण, कोठल्या गांवचे, आजोळाकडून कांहीं नातें निघतें काय, एवढाच त्यांतला भाव, अशी आपली समजूत असते. परंतु आडनांव ऐकतांच समोरच्याचें हंसूं क्षणभर थबकतें आणि मग उगाच अधिक रुंद होतें, तो क्षण ज्याच्या वांट्यास वारंवार आलेला असतो, त्याला तो बरोबर दिसतो. आम्हांस तो दिसला नाहीं. त्याला दिसला.

आत्याबाईंस चार गोष्टी सांगाव्या असें मनांत आलें होतें; पण तोंड उघडण्याआधींच एक आठवण झाली आणि आम्ही गप्प बसलों. हाच प्रश्न आम्ही स्वतः वर्षानुवर्षें, दर जूनमध्यें, भर वर्गांत विचारीत आलों होतों.

आम्हीं सव्वीस वर्षें एका कॉलेजांत अर्थशास्त्र शिकविलें. पहिल्या तासास पुस्तकाला हात लावावयाचा नाहीं, मुलांची ओळख करून घ्यावयाची, असा आमचा परिपाठ असे. एकेकानें उभें राहून पूर्ण नांव, गांव, शाळा व बारावीचे गुण सांगावयाचे. आम्हांस हें मोठें जिव्हाळ्याचें वाटे. प्रत्यक्षांत काय घडे ? शहरांतील नांवाजलेल्या शाळेंतून आलेला मुलगा आडनांव, शाळा आणि गुण खणखणीत आवाजांत सांगे. त्याच्या शेजारचाही तसाच. आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे आवाज बारीक होत जात. तास संपेपर्यंत कोणीं कोणाच्या शेजारीं बसावें हें ठरून जाई. तें आम्हीं ठरविलें नव्हतें. पण ठरविण्याची सामग्री आम्हींच पुरविलेली होती.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१२ सालीं समतेविषयीं जे नियम केले, त्यांत वर्गांत विद्यार्थ्यांची जात, धर्म वा प्रांत तोंडीं अथवा अन्य रीतीनें जाहीर करणें, कोणास राखीव जागेवरचा म्हणून संबोधणें, आणि अभ्यासांत मागें पडण्याचें कारण म्हणून त्याच्या जातीकडे बोट दाखविणें, या गोष्टींस स्पष्ट मनाई होती. तें वाचून आम्हांस वाटलें, हें आपल्यासाठीं नव्हे. असलें कांहीं आपण करीत नाहीं. महाराष्ट्रांत जात उच्चारावी लागत नाहीं, आडनांव पुरतें, हें ध्यानांत येण्यास आणखी दोन वर्षें गेलीं.

त्याहून जुना एक प्रसंग अद्याप सलतो. पाटबंधाऱ्यांच्या अर्थकारणावर पाठ चालला होता. उतारा वाचण्यास आम्हीं मागच्या बाकावरील एका मुलास उठविलें. तो खानदेशाकडचा. वाचूं लागला तो अगदीं स्वच्छ, कोठें न अडखळतां. परंतु त्याच्या तोंडीं 'पाणी' हा शब्द 'पानी' असा येई, आणि त्या उताऱ्यांत तो ओळीओळीला होता. पहिल्या वेळीं दोघे-तिघे हंसले. तिसऱ्या वेळीं सारा वर्ग हंसला. आम्ही मोठ्यानें हंसलों नाहीं. पण ओठांवर स्मित आलें खरें, आणि त्यास थांबवून 'ण'चा उच्चार जीभ कोठें लावून करावयाचा तें आम्हीं दाखविलें. शुद्ध भाषेची सेवा केल्याचें समाधानही वाटलें ! मुलगा खालीं बसला तो बसलाच. वर्षभर त्याच्या तोंडून वर्गांत शब्द निघाला नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या हजेरीपटांत त्याचें नांव नव्हतें. तो दुसऱ्या कॉलेजांत गेला, नोकरीस लागला, कीं शिक्षण सोडून शेतावर परतला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. कारण आम्हीं चौकशीच केली नाहीं. साठ-सत्तर नांवांतून एखादें दर वर्षीं गळतच असे.

बरें, ज्या शुद्धतेसाठीं हें केलें, तिची तरी आम्हांस कितपत ओळख होती ? संस्कृतांत पाण्यास 'पानीय' म्हणतात. त्यांत 'न' आहे. महाराष्ट्री प्राकृतानें 'न'चा सर्रास 'ण' केला, आणि आपला शिष्ट 'पाणी' हा त्या प्राकृत वळणाचा. 'नवनीता'चें 'लोणी' झालें तेंही याच वाटेनें. म्हणजे संस्कृताच्या कसोटीनें पाहूं गेल्यास त्या दिवशीं वर्गांत मूळचें अक्षर एकट्या त्या मुलाच्याच तोंडीं होतें. काशीचा पंडित हिंदींत 'पानी' म्हणतो तेव्हां त्यास कोणी हंसत नाहीं. वऱ्हाड-खानदेशच्या मुलानें म्हटलें कीं तें मात्र अशुद्ध! लेखी उत्तरांत प्रमाणभाषा असावी, याबद्दल आमचें दुमत नाहीं. ती सर्वांनीं शिकावी, आणि शिकविणें हें आमचें कामच होतें. पण दोन शब्द तास संपल्यावर, जिन्यांत उभें राहून सांगतां आले असते.

प्रवेश मिळाला म्हणजे वर्ग मिळाला असें होत नाहीं, हें पुण्या-मुंबईच्या कॉलेजांस नवें नाहीं. कॉर्नेलिया सोराबजी १८८० नंतरच्या दशकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकत होत्या. तेथील त्या पहिल्या विद्यार्थिनी. कॉलेजानें प्रवेश रीतसर दिलेला; परंतु सहाध्यायी मुलगे त्यांच्या तोंडावर वर्गाचीं दारें आदळून लावीत. शेवटच्या परीक्षेंत त्या पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊन अग्रभागीं आल्या, तेव्हां विलायतेस जाण्यासाठीं त्या यशावर मिळावयाची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस केवळ स्त्री म्हणून नाकारण्यांत आली. डॉ. आंबेडकर १९१८ सालीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले. विद्यार्थी नव्हत, प्राध्यापक. तरीही अध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या भांड्यास त्यांनीं हात लावण्यास सहकाऱ्यांनीं हरकत घेतली. त्याच गृहस्थांच्या संस्थेनें १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें. पुढच्याच वर्षीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज सुरू केलें. तेथें मुलांनीं अंगमेहनतीनें आपला खर्च भागवावा व शिकावें, अशी 'कमवा आणि शिका' ही योजना होती. या संस्थांनीं फीचा प्रश्न सोडविला हें सर्वजण सांगतात. आमच्या मतें याहून मोठी गोष्ट ही, कीं आपला सदरा, आपला उच्चार, आपलें आडनांव यांचें कोणास नवल वाटत नाहीं, अशा खोलींत बसून शिकणें हजारों मुलांस प्रथमच लाभलें.

येथें आमचे कांहीं वाचक विचारतील, आणि एका स्नेह्यांनीं तोंडावर विचारलेंही, कीं प्राध्यापकानें शिकवावें, का साठ जणांचीं मनें सांभाळावीं ? आमचा मुलगा रात्रीच्या रात्री जागून अभ्यास करतो, त्याचें काय ? प्रश्न रास्त आहे. गुण वांटावे, प्रश्नपत्रिका सोपी काढावी, असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपल्या घरांतील मुलगा कॉलेजांत जातो तेव्हां काय काय घेऊन जातो, हें एकदां मोजून पाहावें. काका व्याजाच्या दराबद्दल बोलत असतात, वहिनी प्रबंध लिहीत असते, थोरल्या भावास कोणता अर्ज केव्हां भरावयाचा तें ठाऊक असतें. जेवणाच्या पंगतींत बसल्या बसल्या त्याची अर्धी शिकवणी होऊन जाते. तिला फी नाहीं, आणि ती शिकवणी आहे याची त्याला जाणीवही नाहीं. ज्याच्या घरांतून तोच पहिला कॉलेजांत आला, त्यास हें सारें वर्गांतच मिळावयास हवें. आणि वर्गांत तें कोणी सांगत नाहीं, कारण तें सर्वांस येतें असें आम्ही शिक्षक धरून चालतों.

मराठी शाळेंतून आलेल्या मुलांची गत याहून अवघड. कल्पना त्यांस कळलेली असते, परंतु तिचें इंग्रजी नांव अंगावर येतें. पुढें पुढें आम्हीं फळ्याचा उजवा कोपरा राखून ठेवूं लागलों : मार्जिनल म्हणजे सीमांत, इलॅस्टिसिटी म्हणजे लवचिकता. तासांतील दोन मिनिटें जात. गंमत अशी, कीं इंग्रजी शाळेंतलीं मुलेंही तो कोपरा निमूटपणें उतरून घेत. मराठी वृत्तपत्रांतला 'सीमांत शेतकरी' त्यांस अडत असे.

प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतों, हेंही पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषीनें शाळांतील विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले आणि १९७० नंतरच्या दशकांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरीनें सुमारें एकच सेकंद थांबतो, असें तिला आढळलें. तो तीन सेकंद थांबूं लागला कीं उत्तरें लांब येऊं लागतात, आणि एरवीं न बोलणारीं मुलें बोलूं लागतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठेंसें, असें वाचतांना वाटेल. वर्गापुढें उभें राहून मनांत तीन अंक मोजून पाहावे. अंतरपाट धरलेल्या वधूवरांसही तेवढा काळ लांब वाटत नसेल! आमच्या वर्गांत पुढच्या बाकावरच्या पांच हुशार मुलांनीं त्या एका सेकंदांतच वर्षानुवर्षें उत्तरें दिलीं होतीं, आणि वर्गाला विषय समजला असें आम्ही समजत होतों.

नोकरीच्या शेवटच्या काळांत प्रथम वर्षास एक अंध विद्यार्थिनी आली. हिला मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या शिकवाव्या कशा, या चिंतेनें आम्ही दोन रात्री नीट झोंपलों नाहीं. तिसऱ्या दिवशीं नेहमींप्रमाणें खडू चालूं लागला : "हें वाढलें कीं हें असें खालीं येतें, आणि येथें हें त्याला छेदतें." तिनें हात वर केला. "सर, 'हें' म्हणजे कोण ?" वर्ग हंसला, या वेळीं आमच्यावर हंसला, आणि त्यांत त्याची चूक नव्हती. आम्हीं पुन्हां आरंभ केला. किंमत वाढली कीं मागणी घटते, म्हणून मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरत जाते. किंमत वाढली कीं पुरवठा वाढतो, म्हणून पुरवठ्याची रेषा त्याच दिशेनें चढत जाते. दोन्ही जेथें भेटतात तेथें बाजारभाव ठरतो. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा येऊन म्हणाला, "सर, आज समजलें." त्याचे डोळे चांगले होते. इतकीं वर्षें फळ्यावर बोट ठेवून 'हें' व 'तें' म्हणत आम्ही काय शिकविलें, कोण जाणे.

दुसरी फजिती आमच्या टिपणांची. अंध व्यक्तीस संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी साधनें हल्लीं आहेत. त्यांपैकीं एन्व्हीडीए हें ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं २००६ सालीं सुरू केलें, आणि तें विनामूल्य मिळतें. आमचीं चाळीस पानांची टिपणें मोठ्या प्रौढीनें आम्हीं तिला दिलीं. यंत्र वाचूं लागलें तें नुसते इंग्रजी अक्षरांचे व चिन्हांचे तुकडे ! कारण असें, कीं जुन्या मराठी टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असत. डोळ्यांस 'मागणी' दिसे. संगणकाच्या पोटांत मात्र इंग्रजी अक्षरेंच राहत. युनिकोडमध्यें प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर यंत्रास वाचतां येतो. हस्तलिखिताचें छायाचित्र मोबाइलवर धाडण्याची चाल आतां सर्वत्र आहे. वाचून दाखविणाऱ्या त्या साधनास तें बहुधा नुसतें चित्रच. तीं चाळीस पानें आम्हीं युनिकोडमध्यें पुन्हां लिहून काढलीं. पंधरा दिवस लागले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत दृष्टिहीन विद्यार्थ्यांस साहाय्य करणारें केंद्र २००३ पासून आहे; पण तालुक्याच्या गांवीं असें केंद्र कोठून असणार ? तेथें शिक्षकाचें घर हेंच केंद्र.

आकृत्यांचा प्रश्न आत्याबाईंनीं सोडविला. होय, त्याच आत्याबाईंनीं. आम्ही जेवतांना चिंता बोलून दाखविली, तशी त्यांनीं जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा घेतला, मागणीसाठीं जाड सुतळी व पुरवठ्यासाठीं बारीक दोरा डिंकानें चिकटविला, आणि दोन्ही भेटतात तेथें मसुराचा एक दाणा बसविला. रांगोळीचा हात असल्यामुळें रेषा कशा सफाईदार ! दुसऱ्या दिवशीं मुलीनें पुठ्ठ्यावरून बोटें फिरविलीं, क्षणभर विचार केला, आणि म्हणाली, "सर, ही मागणीची रेषा फार उभी झाली. ही मिठाची वाटते. तुम्ही तर आंब्यांचें उदाहरण दिलें होतें." मिठाची किंमत वाढली तरी मीठ घेणें कोणी फारसें कमी करीत नाहीं, आंबे मात्र कमी करतात, तेव्हां आंब्यांची रेषा अधिक आडवी हवी. सबंध वर्गांत ही चूक दुसऱ्या कोणाच्याही लक्षांत आली नव्हती, शिक्षकाच्याही नाहीं. आत्याबाईंस हें सांगितलें तेव्हां त्यांनीं तत्काळ सुतळी उपटून नवी लावली.

कायदा या मुलांच्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद घेतली आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखण्यास सांगितलें. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें लेखनिकाच्या साहाय्यानें परीक्षा देणाऱ्यास दर तासास निदान २० मिनिटें अधिक मिळावयाचीं. पण लेखनिक आणावयाचा कोठून ? आमची पुतणी अकरावींत असतांना एकदां लेखनिक म्हणून बसली. घरीं आली ती चिडून : "काका, उत्तर मला येत होतें, ती चुकीचें सांगत होती आणि मीं तसेंच लिहिलें." आम्हीं तिची पाठ थोपटली. सांगेल तेंच लिहावयाचें, एक अक्षर अधिक नाहीं व उणें नाहीं. हुशार मुलास तें फार जड जातें.

पुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित करून देणें हें त्याहून सोपें काम, आणि आपल्या एकत्र कुटुंबांत दुपारचा वेळ मोकळा असलेलीं माणसें पुष्कळ असतात. त्यास ग्रंथकर्त्याच्या हक्काची अडचण येईल काय, असें एका भगिनींनीं आम्हांस विचारलें होतें. दिव्यांग व्यक्तीच्या अभ्यासासाठीं, नफ्याच्या हेतूवांचून केलेल्या अशा प्रतीस २०१२ च्या दुरुस्तीनें कायद्यांत सूट आहे. निःशंकपणें वाचावें, वाचतांना आकृतींत काय आहे तेंही सांगावें, आणि 'हें' म्हणूं नये!

शेवटच्या तीन-चार वर्षांत आम्हीं तो ओळखीचा तास बंद केला. कागदाचा एकेक तुकडा वांटूं लागलों : कोणत्या नांवानें हांक मारलेली आवडेल तें लिहावें, वर्गांत पाहण्याची, ऐकण्याची, बसण्याची कांहीं अडचण असल्यास तीही लिहावी, दुसरा कोणी वाचणार नाहीं. बहुतेकांनीं पहिलें नांवच लिहिलें. एकानें लिहिलें, "तांबड्या खडूचें मला दिसत नाहीं." महत्त्वाचें तेवढें तांबड्या खडूनें लिहिण्याची आमची वीस वर्षांची संवय ! एका मुलीनें लिहिलें कीं वडिलांच्या हातगाडीमुळें पहिल्या तासास पांच मिनिटें उशीर होईल, दारांत उभें करूं नये. आणि एका चिठ्ठींत नांवाखालीं एवढेंच होतें : "मला मोठ्यानें वाचावयास सांगूं नका." ती चिठ्ठी आमच्या मेजाच्या खणांत अजून आहे.

आमचा पुतण्या हल्लीं अभ्यासासाठीं त्या मित्राच्या वसतिगृहावर जातो. आत्याबाई दर रविवारीं त्याच्याबरोबर लाडवांचा डबा देतात, आणि मित्राचें पहिलें नांव घेऊन तो आवडला का म्हणून विचारतात. डबा घांसून, पुसून परत येतो. मुलगा अद्याप आलेला नाहीं.